फोम की सिलिकॉन? खाली माग चालू असताना रेकॉर्डिंगमधलं बोलणं ऐकायचंय

माडीवरची (विटा)

नमस्कार. इअरफोनच्या टोकाला जे रबर असतं, त्याबद्दल विचारायचंय. आधी परिस्थिती सांगते, नाहीतर "शांत जागी बसा" असं उत्तर येईल आणि ते मला जमणारं नाही.

आमचं घर विट्यात. खाली शेड, वर आम्ही. शेडमध्ये आठ यंत्रमाग, सगळे जुने, धोट्याचे (धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारं साधन). सकाळी आठला सुरू होतात ते रात्री आठपर्यंत. मध्ये वीज गेली तरच थांबतात. ज्यांनी माग ऐकलाय त्यांना काही सांगायला नको. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगते, एका मागाचा धोटा मिनिटाला शंभराच्या वर वेळा या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि दर वेळी लाकडी दांडा त्याला हाणतो. असे आठ, आणि कुणाचाच ठेका दुसऱ्याशी जुळत नाही. फोनवरच्या अॅपने शेडच्या मधोमध ९७ डेसिबल दाखवलं, वर माझ्या खोलीत दार-खिडक्या लावून ७४. अॅप काही तंतोतंत नसतं, पण अंदाज यावा म्हणून दिलं.

माझं काम मुलाखती ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढायचं. सध्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मुलाखती आहेत. फडात, कोपीसमोर (त्यांच्या झोपडीसमोर), मोबाइलवर घेतलेल्या. मागे वारा, पोरांचा गलका, ट्रॅक्टर. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला शांततेत पाच तास लागतात, माग चालू असला की सात.

मागच्या महिन्यात एका मुलाखतीत विचारलं होतं, उचल (कामाआधीची आगाऊ रक्कम) किती घेतली? बाईने सांगितलं साठ हजार. मी लिहिलं आठ हजार. तपासणाऱ्या ताईंनी खूण करून परत पाठवलं. रात्री माग बंद झाल्यावर तीच जागा पुन्हा लावली, तर "साठ" इतकं स्वच्छ ऐकू आलं की मला रडू आलं. त्या बाईच्या डोक्यावरचं बावन्न हजारांचं कर्ज मी एका अक्षराने पुसून टाकलं होतं. तेव्हापासून दिवसा उतरवलेल्या एकाही आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

इअरफोन वायरचे आहेत, कानात घुसणारे. सोबत सिलिकॉनच्या लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या आल्या होत्या. पहिल्या दिवसापासून मध्यमच वापरते. दिवसा फोनचा आवाज पंधरापैकी तेरावर ठेवावा लागतो. दोन आठवड्यांपासून झोपताना कानात बारीक शिट्टी वाजते. मामांनी (सासऱ्यांनी) पस्तीस वर्षं शेडमध्ये काढली. त्यांना माणूस बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मला त्या वाटेने जायचं नाही.

वाचलं त्यावरून कळलं की फोमच्या टिप्स कानात फुगून बसतात आणि बाहेरचा आवाज जास्त अडवतात. पण हेही वाचलं की फोमने आवाज दबका होतो, "स", "श" मऊ पडतात. माझं सगळं काम त्या "स" वरच आहे. शिवाय फोम दर दोन-तीन महिन्यांनी बदलावा लागतो म्हणे. मग घेऊ की नको? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा.

कुपवाडकर

ताई, मी कुपवाड एमआयडीसीत आहे. तुम्हाला कुणीतरी नॉइज कॅन्सलिंगचे घ्या म्हणून सांगणारच, म्हणून आधीच लिहितो, माझ्याकडे ते आहेत. त्यात बाहेरचा आवाज माइकने घेऊन त्याच्या उलट लहर कानात सोडतात. कॉम्प्रेसरची घरघर, एसटीच्या इंजिनाची गुरगुर, पंखा, असा एकसारखा खालच्या पट्टीतला आवाज त्याने खरंच जातो. पण शेजारी कुणी हातोडा मारला तर तो तसाच्या तसा ऐकू येतो, कारण तो अचानक येतो आणि त्यात वरच्या पट्टीचा भाग जास्त असतो. तुमच्या मागाचं खट् त्याच जातीचं. ते अडवायचं काम शेवटी रबराचंच. त्यामुळे तुमचा प्रश्न बरोबर आहे. फोमबद्दल मला अनुभव नाही, दुसरं कुणी सांगेल.

जवारी (मिरज)

ताई, मी मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतो. घोडीवर तार नेमकी कुठे आणि किती टेकते ते केसाच्या जाडीने घासून जुळवायचं, आणि तारेतून वरचे स्वर एकेक करून उमलतात का ते ऐकत बसायचं, हे माझं रोजचं काम. म्हणून फोमवर मी बराच वेळ घालवलाय.

एकाच तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग दुकान बंद झाल्यावर दोन्ही टिप्स लावून ऐकलं. सिलिकॉनमध्ये जवारी उघडी होती. फोममध्ये तिच्यावर कुणी पातळ चादर टाकावी तशी झाली. खर्ज शाबूत, मधलं शाबूत, वरची झळाळी कमी. कारण सरळ आहे. फोम सच्छिद्र, तो बारीक आवाज पितो. आणि कानात दाबला गेला की काही टिप्सचं मधलं भोकही अरुंद होतं, त्याने वरची पट्टी आणखी उतरते. तेव्हा तुम्ही वाचलंय ते खोटं नाही.

पण मग मी पुण्याला निघालो, कोयना एक्स्प्रेसने, साध्या डब्यात, खिडक्या उघड्या. तेच रेकॉर्डिंग. सिलिकॉनमध्ये जवारी गायब, फक्त खर्जाची गुणगुण. फोम लावला, आवाज चार घरं खाली आणला, आणि जवारी परत दिसली. पूर्ण नाही, पण दिसली. गाडीने सगळीच खाल्ली होती, फोमने चिमूटभर खाल्ली. तुमच्या "स" चंही तसंच होईल असं मला वाटतं. शांत खोलीत फोम तुमचं नुकसान करेल. माग चालू असताना माग जे नेतो त्यापुढे फोमचं नेणं काहीच नाही.

मधला एक मार्ग म्हणजे तीन छत्र्यांचं सिलिकॉन, एकावर एक तीन कडा असलेलं. १९९१ साली आलेल्या एटिमोटिकच्या ईआर-४ सोबत अशाच टिप्स असायच्या. ते खोल जातं, अडवतंही चांगलं आणि वरची पट्टी मोकळी ठेवतं. पण मला ते तासाभराच्या पुढे सोसलं नाही, कानात काहीतरी टोचत राहतं. तुम्ही सात-सात तास बसणार, म्हणून मी ते सुचवणार नाही.

आणखी एक. तुम्ही काम करताना कोपर टेबलावर आणि हनुवटी हातावर ठेवता का? ठेवत असाल तर सोडा. आम्ही मुद्दाम तंबोऱ्याच्या दांडीला हनुवटी लावून ऐकतो, कारण हाडातून आवाज थेट आत जातो. तुमच्या टेबलाचे पाय खालच्या स्लॅबवर आहेत आणि स्लॅब मागांवर. कानात काहीही घाला, हाडातून येणारं ते अडवणार नाही. टेबलाच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला, सायकलच्या टायरचे चालतील.

कान तपासणारी (सांगली)

मी सांगलीत श्रवणतपासणी करते. ताई, शिट्टीबद्दल आधी. दोन आठवडे झालेत, तर एकदा तपासून घ्या. घाबरू नका, पण लांबवूही नका. आणि येताना मामांनाही आणा.

आता टिप्स. फोम का सिलिकॉन हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की तुमच्या कानात आत्ता फट आहे का? "पहिल्या दिवसापासून मध्यमच" हे वाचून मला शंका आली. दोन्ही कानांची भोकं सारखी असतातच असं नाही. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठं लागणारी माणसं माझ्याकडे रोज येतात. इअरफोन न वाजवता नुसते घाला आणि तोंड मिटून "म्" असा हुंकार द्या. दोन्ही बाजूंनी तुमचाच आवाज सारखा घुमला तर दोन्हीकडे नीट बसलंय. एका बाजूला कमी घुमला तर तिकडे फट आहे. जबडा हलवूनही बघा, जबड्यासोबत कानाची नळी हलते आणि सैल रबर सुटतं. फटीतून आधी खालची पट्टी निसटते, म्हणून गाणं पोकळ वाटतं, आणि बाहेरचा गोंगाट त्याच वाटेने आत येतो. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतला बारीक आवाज झाकून टाकतो, हा कानाचा गुणधर्मच आहे. घरघरीमागे "स" बुडतो तो असा. "साठ" मधला "स" तुमच्या कानापर्यंत आला होता, तो वेगळा काढता आला नाही एवढंच.

फोम घ्यायचा ठरवलात तर घालायची रीत महत्त्वाची. बहुतेक जण नुसता ढकलतात आणि "काही फरक नाही" म्हणतात. समईची वात वळतो तसा फोम बोटांत वळून बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, कारण नळी सरळ नसते, वळण घेऊन आत जाते, ओढली की सरळ होते. मग फोम आत सरकवून बोटाने अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायचा. तो सावकाश फुगतो आणि नळीचा आकार घेतो. थंडीत कडक होतो, तेव्हा आधी मुठीत धरून ऊब द्यायची. काढताना वायर ओढू नका, टिप हलकेच फिरवत काढा.

काळजी एवढी. फोम घाम आणि मळ शोषतो, सिलिकॉनसारखा साबणाने धुता येत नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा. नहाल तर कान पूर्ण वाळल्यावरच घाला. पावसाळ्यात कानात बुरशी झालेले खूप रुग्ण येतात, ओल कोंडून ठेवणं हे त्याचं एक कारण. दुसऱ्याच्या टिप्स वापरू नका. दाबून सोडलेला फोम सावकाश न फुगता चपटाच राहिला किंवा उलट चटकन उसळी मारू लागला की त्याचं आयुष्य संपलं.

आणि ते ९७. अमेरिकेतल्या निओश या संस्थेचं माप असं आहे की ८५ डेसिबल आठ तास चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांना ९० आहे, तरी ९७ त्याच्या बरंच वर. तुमचा अॅप चार-पाच डेसिबलने चुकला असेल असं धरलं तरी शेडमधल्या माणसांना बारा तास ते परवडणारं नाही. गोंगाटाने कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. त्या पट्टीत आणि तिच्या आजूबाजूलाच "स", "श", "फ", "ट" यांची ओळख बरीचशी असते. म्हणून मामांना बोलणं चालू आहे हे कळतं आणि शब्द कळत नाहीत. त्यांचं लक्ष नसतं असं घरात कुणाला वाटत असेल तर त्यांना हे सांगा.

माडीवरची (विटा)

सगळ्यांचे आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं. आज चोवीस दिवस झाले.

हुंकाराची परीक्षा त्याच दिवशी केली. उजवीकडे घुमला, डावीकडे नाही. डाव्या कानाला मोठं रबर लावलं आणि त्या एका बदलाने फोन तेरावरून दहावर आला. एक रुपया खर्च न होता. तीन वर्षं तो मोठा आकार डबीत पडून होता, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग फोम मागवला. पहिल्या दिवशी ढकलूनच घातला आणि दहा मिनिटांत बाहेर आला. दुसऱ्या दिवशी वातीसारखा वळून, पाळी ओढून, तीस आकडे मोजून धरला. तीस मोजेपर्यंत माग हळूहळू लांब जात होता, कुणी शेडचं दार लोटत न्यावं तसा. इतकं शांत मी या खोलीत दिवसा कधी बसले नव्हते. फोन सातवर.

"साठ हजार" ची ती चाळीस सेकंदांची जागा मी परीक्षेसाठी वेगळी ठेवली होती. माग चालू ठेवून तीनदा ऐकली. मध्यम सिलिकॉनमध्ये "आठ". डावीकडे मोठं लावलेल्या सिलिकॉनमध्ये काहीतरी आहे असं वाटतं, पण शपथेवर सांगता येणार नाही. फोममध्ये "साठ". "स" जरा मऊ आहे, पण आहे. जवारीदादा, तुम्ही लिहिलंत तसंच झालं. आणि रात्री माग थांबल्यावर दोन्हींनी ऐकलं तेव्हा सिलिकॉन उजवं, त्यात तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो. म्हणून आता दिवसा फोमने उतरवते आणि आठनंतर सिलिकॉन लावून फक्त आकडे, गावांची नावं आणि नाती तपासते. आठवड्यात एकही पान परत आलेलं नाही.

टायरचे तुकडे घातले. हनुवटी हातावर ठेवायची सवय होतीच, ती अजून पूर्ण गेली नाही. ठेवली की खट्खट् डोक्यात सुरू होते, तेव्हा कळतं.

अडचणीही सांगते. फोममध्ये चहाचा घोट घेतला तरी गडगड ऐकू येते आणि स्वतःचं बोलणं घड्यात तोंड घातल्यासारखं वाटतं. उन्हाळा लागलाय, दीड तासात कान घामेजतो, मग अर्धा तास काढून ठेवते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलगी. दुसऱ्याच दिवशी ती दाराशी रडत उभी होती आणि मला कळलंच नाही. आत्यांनी (सासूबाईंनी) येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा वळले. त्या दिवसापासून मुलगी अंगणवाडीत असेल तेवढा वेळच दोन्ही कानांत फोम. ती घरी असली की आत्या तिच्याजवळ असतात, आणि तशा नसतील तर मी काम थांबवते. लहान मूल घरात असणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवा.

तपासणी झाली. माझे कान ठीक आहेत. फोनचा आवाज उतरवल्यापासून शिट्टी कमी झाली, काही रात्री नसतेच. मामांचा आलेख मला दाखवला. डावीकडून सरळ येणारी रेघ ४००० जवळ विहिरीत उतरावी तशी खाली गेलेली. मामा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. घरी आल्यावर आत्यांना म्हणाले, "बघ, मी मुद्दाम करत नव्हतो."

त्यांच्यासाठी आणि दोन्ही कामगारांसाठी कारखान्यात वापरतात ते फोमचे बोळे आणले. एक जण दिवसभर घालतो. दुसरा म्हणतो धोटा अडकायच्या आधी मागाचा आवाज बदलतो, तो ऐकू आला नाही तर सूत तुटेल. मामा तासभर घालतात, काढतात, पुन्हा घालतात. कामगाराचं म्हणणं मला खोटं वाटत नाही, तीस वर्षं ज्याने कानाने माग चालवला त्याला एका दिवसात ते सोडता येणार नाही. याच्यावर कुणाकडे उपाय असेल तर जरूर लिहा.

कान तपासणारी (सांगली)

बोळा नीट बसला तर आवाज बारीक होतो, बंद होत नाही. ९७ मधून वीस गेले तरी ७७ उरतात, म्हणजे तुमच्या खोलीपेक्षा जास्तच. मागाचा बदललेला ठेका त्यात कळतो, फक्त तो नव्या आवाजात ओळखायला कानाला काही दिवस लागतात. त्यांना आधी एकाच मागाजवळ उभं राहून घालायला सांगा, बाकीच्या मागांकडे दुसरा कामगार बघेल. आणि पाकिटावर किती डेसिबल अडतात त्याचा २९ किंवा ३३ असा आकडा असेल तर तो प्रयोगशाळेतला. घाईत घातलेल्या बोळ्याने त्याच्या निम्मंही मिळत नाही, म्हणून त्यांनाही वात वळायला शिकवा.

कुपवाडकर

ताई, फोम मागवताना माप कसं कळलं? मी मागवला तो माझ्या इअरफोनच्या नळीवर बसतच नाही.

माडीवरची (विटा)

दोन मापं असतात, दादा. एक कानाचं, लहान-मध्यम-मोठं. दुसरं इअरफोनच्या नळीचं, ते बहुतेक जण बघत नाहीत. जॉबरकडचं (माग दुरुस्त करणाऱ्याकडचं) जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन नळीचा सगळ्यात जाड भाग मोजला, ५.६ मिलिमीटर भरला. टिपच्या आतल्या नळीचं भोक त्याहून थोडं कमी हवं, म्हणजे ताणून बसतं आणि काढताना कानात राहत नाही. बिनवायरचे असतील तर आखूड फोम बघा, लांब असला की डबीचं झाकण लागत नाही आणि चार्जिंग होत नाही. कानाच्या मापात मी डावीकडे मोठं, उजवीकडे मध्यम घेतलं. वेगवेगळ्या मापांचं मिश्र पाकीट मिळतं, पहिल्यांदा तेच घ्या.